दोन मिनिटांची उसंत

थान यीने मला आयुष्यात दोनदा बडवलं आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती. एकदा तिने गुंडाळून ठेवलेल्या पट्ट्या मी ओलांडल्या म्हणून, आणि एकदा पिऊन तिच्या भाताच्या हंड्यात बसलो म्हणून. हंड्याबद्दल तिने मला पुढे माफ केलं. पट्ट्यांबद्दल नाही.

आमचा धंदा मारामारीचा. रंगूनच्या पूर्वेला, पा-आनच्या आसपासच्या खेड्यांतून पोरं गोळा करायची, त्यांना घडवायचं आणि जत्रेजत्रेत नेऊन लढवायचं. हातमोजे वगैरे लाड नाहीत. मुठीवर जाळीदार कापडाची पट्टी, बस्स. मूठ चालते, कोपर चालतं, गुडघा चालतो, आणि डोकं तर फारच चालतं. आमच्या फडाचे मालक सया वुण्णा. सया म्हणजे गुरुजी. पण या गुरुजींनी कधी कुणाला बाराखडी शिकवली नाही, जबडा कुठे मोडतो ते शिकवलं. मी सनई वाजवतो. आखाड्याला लागून माच असतो, त्यावर ढोल, झांजा आणि मी. मारामारी चढली की सूर चढवायचा. सूर चढला की पोरं आणखी चेकाळतात. कोण कुणाला चढवतं हे पस्तीस वर्षांत मला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायचं नव्हतं.

थान यी फडाची पट्टीवाली. रक्ताने कडक झालेल्या पट्ट्या धुवायच्या, उकळायच्या, दोरीवर वाळवायच्या आणि मांडीवर घेऊन घट्ट गुंडाळायच्या, हे तिचं काम. शिवाय तेरा माणसांचा भात, सुजलेल्या तोंडांना हळदीचा शेक, आणि सगळ्यांना शिव्या. पोरं तिला अडॉ म्हणायची, म्हणजे मावशी. ही मावशी तोंडाने फाटकी होती. हरून आलेल्या पोराच्या फुटलेल्या भुवईवर लेप लावता लावता म्हणायची, "डोकं वापरायला सांगितलं होतं, ठेवून द्यायला नाही."

मार तिला नवा नव्हता. तिचा नवरा अठ्ठावीस लढतींत एकदाही न पडलेला लढवय्या. बाहेर पट्टी बांधून मारायचा, घरात पट्टीशिवाय. सात वर्षं तिने सोसलं. एके दिवशी ती उखळात मिरच्या कुटत होती आणि त्याने मागून येऊन तिच्या पाठीत लाथ घातली. तिने वळून हातातलं मुसळ फिरवलं. जबडा दोन ठिकाणी मोडला आणि अठ्ठावीस लढतींचा नायक आयुष्यभर पेज पिऊन राहिला. गावाने अर्थातच तिलाच बोल लावला. पंचांसमोर ती म्हणाली, "मी मिरचीच कुटत होते. मध्ये जबडा आला." त्यानंतर तिला गावात कुणी ठेवून घेईना, तेव्हा सया वुण्णा तिला फडात घेऊन आले. बाईच्या हातात जोर आहे, पट्ट्या घट्ट बसतील, म्हणाले. तिने ते उपकार बावीस वर्षं फेडले.

एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्याकडे आखाड्यावर बाईने पाय ठेवायचा नाही. दोरालाही हात लावायचा नाही. लढतींच्या सकाळी नारळ, केळी आणि विडा ठेवून आखाड्याचा देव बसवलेला असतो. बाईचं पाऊल पडलं की देव उठून जातो, आणि मग त्या दिवशी त्या फळ्यांवर कुणी मूठ उगारायची नाही. उगारली तर उगारणाऱ्याचं मरण. हा नियम सगळेच पाळतात, पण थान यीसारखा कुणी पाळला नाही. ती आखाड्यापासून पाच हात लांब उभी राहायची आणि पट्ट्या सुपात घालून सूप पुढे करायची. एकदा परदेशातली कुणी मुलगी फोटो काढायला दोराला रेलली, तर थान यी भाताचा डाव घेऊन तिच्या मागे जत्राभर धावली. ती मुलगी कुठल्याशा वर्तमानपत्राची होती म्हणे. डाव तिच्या पाठीत बसला तो बसलाच.

तर त्या वर्षीची नववर्षाची जत्रा, भर उन्हाळ्यातली, एकमेकांवर पाणी उडवायची. आम्ही दरवर्षी नदी ओलांडून पलीकडच्या देशात जायचो. थाई गाव, पण अर्धं गाव आमचीच भाषा बोलतं. तिथल्या विहाराच्या आवारात लढती व्हायच्या आणि आमचा मुक्कामही विहारातच, बुद्धमूर्तीच्या दालनात चटया टाकून. बायका पायऱ्यांपाशी पडद्याआड. आवारात डोकी फुटतात याचं थोरल्या भंतेंना काही वाटत नव्हतं असं नाही. लढती चालू असताना ते खिडकीत कधी दिसत नसत. पण विहाराचं छप्पर याच जत्रेवर उभं राहिलं होतं, आणि ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

त्या वर्षी आमचा हुकमी पोरगा टून ल्विन. वय एकवीस, खांदे रुंद, बोलणं कमी, हसणं फार. आई रबराच्या मळ्यात चीक काढायला जायची. रंगूनच्या मोठ्या आखाड्याची माणसं त्याला बघायला येणार होती, आणि ती लढत जिंकला तर पोरगा थेट रंगूनच्या वाटेला लागणार होता. निघताना त्याच्या आईने थान यीच्या हातात वाळलेल्या मासळीची पुरचुंडी दिली आणि म्हणाली, "धड परत आणा, ताई." थान यी म्हणाली, "धड आणेन. डोक्याचं त्याने बघावं." दोघी हसल्या.

नावेत टून ओकला.

"नदीकाठचा पोर आणि नावेत ओकतो?" थान यी म्हणाली.

"मासळी शिळी होती, अडॉ."

"तीच मासळी मी खाल्ली. मला नाही झालं काही."

"तुझ्या पोटाला विष जरी दिलं तरी तेच घाबरेल."

सगळे हसले. तीन आठवड्यांपूर्वी हा पोरगा एका जत्रेत मागच्या मागे डोक्यावर आपटला होता. त्या वेळी सयांनी उसंत मागितली. आमच्या खेळात माणूस बेशुद्ध पडला म्हणून हरत नाही. त्याच्या माणसाने हात वर केला की एका लढतीत एकदा दोन मिनिटांची उसंत मिळते. त्या दोन मिनिटांत बर्फ घाला, थोबाडीत मारा, कान चावा, काय वाटेल ते करा, पण उभा करा. लढत पुढे चालू. टून तेव्हा उभा राहिला होता आणि जिंकलाही होता. त्या रात्री आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचलो. मी सुद्धा.

विहारात पोहोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. थान यीने नेहमीप्रमाणे मूर्तीकडे पाय करून आडव्या झालेल्या दोघा पोरांना कान धरून फिरवलं, झाडू मारला, पडद्याआड जाऊन पडली. मला वाटतं, ती झोपली नसावी. कारण पहाटेची घंटा झाली तेव्हा तिच्या चुलीवर भात तयार होता.

त्या विहाराचा रिवाज असा, की रात्री छपराखाली जो झोपला त्याने सकाळी भंतेंच्या पात्रात भात घालायचा. राजा असो की चोर. आम्ही रांगेत गुडघ्यांवर बसलो. भंते एकेक करत समोरून जात होते आणि आम्ही एकेक डाव भात घालत होतो. टूनच्या समोर थोरले भंते उभे राहिले. टूनने डाव उचलला, नेम धरल्यासारखं पाहिलं, आणि भात पात्राच्या बाजूला, भंतेंच्या पायावर टाकला.

"झोपेत आहे अजून," तो हसून म्हणाला आणि दुसरा डाव भरला. या वेळी त्याने डावा डोळा घट्ट मिटला. भात बरोबर पात्रात पडला.

भंते पुढे गेले. थान यी मात्र त्या मिटलेल्या डोळ्याकडे बघत राहिली. भांडी तशीच टाकून ती सयांना गाठायला ओट्यावर गेली. मी तिथेच सनईची पात ओली करत बसलो होतो.

"सया, टूनला आज उतरवू नका."

"का? स्वप्न पडलं?"

"त्याला एकाचे दोन दिसतायत."

"झोपेत होता तो."

"झोपेतला माणूस डोळे चोळतो, एक मिटून नेम धरत नाही. मी कालपासून बघतेय. नावेत ओकला, पायरी चुकला, रात्री डोकं धरून बसला होता."

"हळू बोल. समोरच्यांची माणसं आवारात फिरतायत."

"फिरू देत ना. त्यांनाही कळू दे, आंधळ्याशी लढायचंय."

सयांनी पानाची पिंक टाकली. "थान यी, तू पट्ट्या गुंडाळ आणि भात शिजव. कोण लढणार ते मी बघतो."

"आणि मेल्यावर रडायचं कुणी?"

"सणाचा दिवस आहे, तोंड आवर."

ती माझ्याकडे वळली. "न्यो, तू तरी बोल. तुला दिसलं नाही?"

मला दिसलं होतं. मी म्हणालो, "मला काय कळतंय त्यातलं. मी फुंकणारा माणूस." असं म्हणून मी सनई तोंडाला लावली. आज लिहितानाही त्या वाक्याची मला किळस येते.

मग ती टूनकडे गेली. तो अंगाला तेल चोळून घेत होता. तिने त्याच्या नाकासमोर हात धरला. "किती बोटं?"

"तुझी? दहा. आणि दहाही माझ्या ताटावर." तो हसला, मग एकदम हसायचा थांबला. "अडॉ, पाया पडतो. आजचा दिवस गप्प बस. रंगूनची माणसं आलीत. माझी आई अजून किती वर्षं त्या मळ्यात पहाटे उठून जाणार?"

"मेलेल्या पोराची आई झाली तर कायमची जाईल."

"तू माझी आई नाहीस," टून म्हणाला. हे तो ओरडून नाही म्हणाला, साधेपणाने म्हणाला. ती उठली. शेवटी थोरल्या भंतेंकडेही जाऊन आली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवार आमचं आहे, बाई. लढत तुमची आहे." परत येऊन तिने पट्ट्या सुपात भरल्या. त्या दिवशीच्या पट्ट्या मी पाहिल्या. इतक्या सारख्या, इतक्या घट्ट तिने कधी गुंडाळल्या नव्हत्या.

दुपारी लढत लागली. ऊन असं की आखाड्याच्या फळ्या तापून पोरांचे तळपाय पोळत होते. समोरचा पोरगा खाम, त्याच गावचा, एकोणीस वर्षांचा, हडकुळा, लांब हातांचा. बाप थाई, आई आमच्या भाषेची. दोघांनी देवाला नमस्कार केला, दंडावर थापा मारून एकमेकांना आव्हान दिलं. मी सूर धरला.

पहिली फेरी टूनची. आत घुसून त्याने खामच्या बरगड्यांवर गुडघे घातले आणि डोक्याने नाक फोडलं. जवळ असला की एकाचे दोन दिसले तरी काय बिघडतं. माणूस हाताला लागतोच. खामच्या नाकातून रक्ताची धार लागली आणि लोकांनी पाण्याच्या बादल्या हवेत उधळल्या. दुसऱ्या फेरीत खामचे गुरुजी कोपऱ्यातून ओरडले, "लांब राहा! डावा कान!" खाम लांब झाला. आणि टूनचे ठोसे हवेत जाऊ लागले. एक हवेत, दोन हवेत. लोक हसू लागले. खाम बाजूने यायचा आणि डाव्या कानामागे मारायचा. पुन्हा बाजूने यायचा, पुन्हा तिथेच. ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा तो आवाज मला ढोलाच्या वरून ऐकू येत होता. मी सूर चढवत गेलो. चढवायचाच असतो.

तिसऱ्या फेरीत खामचं कोपर लागलं आणि टून उभ्याचा आडवा झाला. हात अंगाशी वळलेले, बोटं आखडलेली, डोळे उघडे आणि पांढरे. पंचाने मोजायला सुरुवात केली आणि सयांनी हात वर केला.

उसंत.

सया आणि दोघं पोरं धावली. बर्फाची बादली तोंडावर ओतली. सयांनी एक थोबाडीत दिली, मग दुसरी, मग त्याचा कान दातात धरून रक्त येईपर्यंत चावला. एकजण छातीवर चोळत होता, एकजण मांड्यांवर बुक्क्या घालत होता. गर्दी मोठ्याने सेकंद मोजत होती. टूनच्या घशातून घरघर आली. तो ओकला. भात आणि रक्त. "आला! शुद्धीवर आला!" सया ओरडले. त्याला बगलेत धरून उभा केला. दोन मिनिटं संपत आली होती. टूनने मुठी वर केल्या.

मुठी वर करून तो उभा राहिला, आणि त्याच्यासमोर कुणीच नव्हतं. खाम दोन हात उजवीकडे होता. टून रिकाम्या दोरांकडे बघत पवित्रा घेऊन उभा होता. गर्दी खो खो हसली. कुणीतरी ओरडलं, "अरे, त्याला सांगा रे कुठेय तो!" खामने पंचाकडे पाहिलं. पंचाने हात खाली आणला. लढा.

थान यी पाच हात लांब उभी होती. तिने सूप खाली ठेवलं. लुंगी वर खोचली, फळीला हात लावला, आणि दोरांमधून वाकून आखाड्यावर आली. दोघांच्या मध्ये गेली आणि मांडी घालून खाली बसली.

एवढंच केलं तिने.

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मी तर वाजवतच होतो. ढोलवाल्याने माझ्या दंडाला धरलं तेव्हा थांबलो. मग ते हजार माणसांचं आवार इतकं चिडीचूप झालं की फळ्यांवर गळणारं बर्फाचं पाणी ऐकू आलं. आणि मग बाटल्या आल्या. काचेच्या बाटल्या, बर्फाचे खडे, नारळाच्या कवट्या. एक कवटी तिच्या कपाळावर फुटली. "रांड! बाटवलीस जागा! देव उठला!" ती हलली नाही. सया वुण्णांनी तिचा अंबाडा धरून ओढलं. ती उठेना, तेव्हा त्यांनी तिच्या पाठीत लाथ घातली, मग बरगडीत. बावीस वर्षं तिच्या हातचं जेवलेला माणूस. "ऊठ! ऊठ म्हणतो ना!"

"वुण्णा," ती म्हणाली. तिने त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा नुसत्या नावाने हाक मारली. "तू कितीही मार. मी बसले. आता लढत नाही."

आणि मग टून तिच्यावर धावला. त्याला एवढंच कळलं असावं, की रंगून गेलं, आणि ते हिच्यामुळे गेलं. त्याने मूठ उगारली. पहिला ठोसा तिच्या बाजूला हवेत गेला. दुसरा तोंडावर बसला. तिनेच सकाळी गुंडाळलेली पट्टी. समोरचे दोन दात फळ्यांवर पडले. तिने हात वर केला नाही. ज्या बाईने मुसळाने जबडा मोडला होता, तिने हात वर केला नाही. टून तिच्याच अंगावर कोसळला, आणि तिने त्याचं डोकं फळीवर आपटू दिलं नाही, मांडीत धरलं.

आता मी काय केलं ते सांगतो. काही नाही. मी माचावर बसून होतो.

टूनला एका मालवाहू गाडीतून गावच्या दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या. कवटीला भोक पाडून आतलं साकळलेलं रक्त काढलं. थान यीला गाडीत कुणी घेतलं नाही. आखाडा बाटला, पुढच्या नऊ लढती रद्द झाल्या, रंगूनची माणसं निघून गेली. गाव खवळलं होतं. तिला विहारातून हाकला म्हणून पन्नास-साठ माणसं पायऱ्यांपर्यंत आली, हातात काठ्या. तेव्हा थोरले भंते पहिल्यांदा बाहेर आले. त्यांचा चेहराही काही करुणेने वगैरे भरलेला नव्हता. छप्पर बुडालं होतं बिचाऱ्यांचं.

"तिने आखाडा बाटवला," ते वैतागून म्हणाले. "विहार नाही बाटवला. आमचा भात खाल्लाय तिने. झोपू दे. आणि काठ्या घेऊन पुन्हा पायरी चढलात तर उद्या तुमच्या दारी पात्र घेऊन कुणी येणार नाही."

भंते दारी न येणं म्हणजे गावाला घातलेला बहिष्कारच. माणसं पुटपुटत गेली.

संध्याकाळी आम्ही दालनात होतो. सया आणि बाकीची पोरं दवाखान्यात. थान यी खांबाला टेकून बसलेली, ओठ फाटून लोंबत होता, एक डोळा मिटलेला. मी पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. तेवढ्यात पायऱ्यांवर कुणीतरी चपला काढल्या. खाम होता. नाक सुजून गालांना मिळालेलं, मुठींवर अजून त्याच पट्ट्या, रक्ताने वाळलेल्या. त्या गोंधळात त्याच्या माणसांना त्या सोडायचंही सुचलं नव्हतं. तो गुडघ्यांवर चालत तिच्यासमोर आला आणि कपाळ जमिनीला टेकलं.

"काय हवं?" ती म्हणाली. दात नसल्याने शब्द नीट फुटत नव्हते.

"आमचे गुरुजी म्हणाले होते, डावा कान. उसंतीनंतर परत डावा कान. म्हणाले, आता एकच लागेल."

"मग?"

"मला दिसत होतं, अडॉ. तो माझ्याकडे बघतच नव्हता. मला दिसत होतं." त्याचा आवाज चिरकला. "तरी मी मारणार होतो. तुम्ही नसता आलात तर मी मारला असता. मी पाऊल टाकलं होतं."

थान यीने हनुवटीला धरून त्याची मान वर केली. मग सगळा जोर लावून त्याच्या थोबाडीत दिली. त्याच्या नाकातून पुन्हा रक्त आलं. तो हलला नाही. मग तिने त्याचे दोन्ही हात ओढून आपल्या मांडीवर घेतले आणि दातांनी गाठ सोडायला गेली, तर दात नव्हते. तिने मला हाक मारली, "न्यो, सुरी आण." मी सुरी आणली. तिने एकेक वेढा कापून पट्ट्या सोडल्या. तो पोरगा एवढा रडला, की पडद्याआडच्या बायका उठून बघायला आल्या.

टून जगला. डावा कान गेला, आणि अजूनही उन्हात डोकं धरून बसतो, पण जगला. नदीच्या धक्क्यावर पोती मोजतो. आई मळ्यात जायची थांबली नाही, एवढंच. तो थान यीशी बोलत नाही. तिचं नाव निघालं की उठून जातो. "ती लढत माझी होती," असं मला एकदा म्हणाला, आणि ते खरंच आहे.

तिसऱ्या दिवशी आमचा फड परत निघाला. सयांनी तिला नावेत घेतलं नाही. आखाडा बाटवणारी बाई ज्या फडात, त्याच्याशी कुणी लढत लावणार नव्हतं, आणि सयांना बारा पोटं भरायची होती. मी नावेत बसलो. ती काठावर उभी होती, ओठाला टाके. कुणी तिच्याकडे बघितलं नाही. ती मात्र ओरडली, "हंडा नीट धुवा रे, खाली लागलाय!"

तेव्हापासून ती त्या विहारातच आहे. पहिल्या वर्षी गावातली एकही बाई तिच्या हातचं पाणी घेईना. आता तिच्याशिवाय त्यांचं सणाचं स्वयंपाकघर चालत नाही. मी दरवर्षी जत्रेला जातो तेव्हा तिच्याकडे भात खातो. लढतींच्या दिवशी ती आवारात फिरकतसुद्धा नाही. आखाड्याच्या बाजूने जायची वेळ आली तर लांबून वळसा घालते, आणि कुणी पोरगी दोराला टेकलेली दिसली तर अजून डाव घेऊन धावते.

हे बघून मागच्या वर्षी मी तिला विचारलं, "थान यी, एवढं सगळं झालं, आणि तू अजून तो नियम मानतेस?"

"मानते म्हणजे? नियम आहे तो." ती कांदे चिरत होती. "मी पाप केलं, न्यो. देव बसलेला होता आणि मी त्याला उठवला. ते धुतलं जात नाही. भंतेंनाही विचारलं मी, तेही म्हणाले, फळ भोगावंच लागतं. पुढच्या जन्मी कुत्रीच होणार मी, आखाड्याखाली पडलेली हाडं चघळणारी."

"मग पश्चात्ताप होत नाही?"

तिने सुरी थांबवली. वर पाहिलं. तोंडातली ती मोकळी जागा दिसली.

"कशाचा? पोरगा जिवंत आहे ना? होईन की कुत्री. भुंकेन. पण त्याची आई तरी..." आणि ती एकदम रडायला लागली. बावीस अधिक अकरा वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मग ती डोळे पुसत माझ्यावरच खेकसली, की कांदा आहे, बघतोस काय, पातेलं दे इकडे.

मी पातेलं दिलं. बाहेर लढत लागायची वेळ झाली होती, ढोल सुरू झाले होते आणि माझ्या नावाने हाका येत होत्या. मी उठलो, सनई घेतली आणि वाजवायला गेलो.